पायऱ्या उतरून

अमृतसरच्या टाऊन हॉलकडून हरमंदिर साहिबकडे, म्हणजे सुवर्णमंदिराकडे, जाणारा रस्ता आता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. २०१६ मध्ये त्याचं रूपडं बदललं. तेव्हापासून पापड-वड्यांचं दुकान काय, फुलकारीचं काय आणि बँक काय, सगळ्यांच्या दर्शनी भिंती सारख्याच: त्याच कमानी, त्याच जाळ्या, तेच सज्जे. जुनं दिसावं म्हणून केलेलं नवं काम लगेच ओळखू येतं. डिसेंबरची दुपार आहे, ऊन हवंहवंसं आहे, त्यामुळे मी फार कुरकुरत नाही.

जोडाघरात चांगल्या घरचा दिसणारा एक गृहस्थ माझ्या धुळकट चपला दोन्ही हातांनी उचलून घेतो आणि बिल्ला देतो. पुढे दाराशी पाय धुवायचा उथळ हौद. त्यात पाऊल टाकलं की थंडी थेट पोटरीत चढते. या दाराला सगळे ‘घंटाघर’ म्हणतात, पण वर पाहिलं तर चर्चसारखा मनोरा काही दिसत नाही. पंजाब ताब्यात घेतल्यावर इंग्रजांनी सरोवराच्या अगदी काठावर लाल विटांचा, टोकदार गॉथिक घड्याळ-मनोरा उभा केला होता. १८७४ मध्ये तो पुरा झाला आणि पाऊणशे वर्षं पुरी व्हायच्या आत पाडलाही गेला. नाव तेवढं राहिलं.

आणि मग पायऱ्या. खाली जाणाऱ्या.

आपल्याला सवय चढायची. जेजुरी असो, सप्तशृंगी असो, देव वर असतो आणि दम लागल्याशिवाय तो भेटत नाही. इथे कमानीतून आत आलं की संगमरवरी पायऱ्या उतरत जातात आणि समोर पाणी पसरलेलं दिसतं. नम्रता शिकवायला ही रचना केली असं सगळे सांगतात, तसं असेलही. पण उतरताना डोळ्यांना जे घडतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकेक पायरी उतरावी तशी मागची बाजारपेठ, गच्च्या, तारा, पाण्याच्या टाक्या हे सगळं भोवतालच्या पांढऱ्या ओवऱ्यांच्या आड जातं. पहिल्या पायरीवर अमृतसर शहर असतं, शेवटच्या पायरीवर ते नसतं. माझ्या पुढची बाई वाकून पायरीला कपाळ टेकते. तिच्यामागे सगळे थबकतात, मोबाइल वर होतात, आणि निळ्या पगडीतला सेवादार हातातला भाला जराही न हलवता म्हणतो, “चलो जी, चलो.”

सोन्याचं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की इमारत लहान आहे. मधला गाभा जेमतेम बारा मीटर लांब-रुंद. सरोवर मात्र प्रत्येक बाजूला दीडशे मीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या पाण्याच्या मधोमध एवढीशी वास्तू ठेवायला धाडस लागतं. दुसऱ्या कुणी शिखर उंच केलं असतं, इथे मोकळी जागा मोठी केली. वास्तूला उंची पाणी देतं: खाली तिचं प्रतिबिंब आणि एका पुलाशिवाय तिला टेकणारं काहीच नाही.

तळं खणून घेतलं चौथे गुरू रामदास यांनी, १५७७ मध्ये. मंदिर उभं केलं पाचव्या गुरूंनी, अर्जुनदेवांनी. १६०४ मध्ये आत ग्रंथाची स्थापना झाली. पायाचा दगड लाहोरच्या सूफी संत मियाँ मीर यांच्या हातून बसवला, असं परंपरा सांगते. पण मी पाहते आहे ती वास्तू त्या काळची नव्हे. अहमदशाह अब्दालीच्या फौजेनं १७६२ मध्ये ती सुरुंगानं उडवली आणि तळं बुजवलं. शीख मिसलींनी ती पुन्हा बांधली, आणि सोनं त्याहूनही नंतरचं, रणजितसिंगांच्या काळातलं.

परिक्रमा डावीकडून सुरू होते. संगमरवर गार आहे, सगळे पायघड्यांवरून चालतात. पाण्याच्या काठाला साखळ्या बसवल्या आहेत. एक म्हातारा साखळी घट्ट धरून, डोळे मिटून, गळ्यापर्यंत पाण्यात बुडतो आणि बाहेर येताना थरथरत हसतो. ओवऱ्यांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या: देणगीदार, शहीद सैनिक, पलटणींची नावं. ‘दुखभंजनी बेरी’ या जुन्या बोरीपाशी गर्दी दाटते. झाड पाडून जागा सरळ करता आली असती. केलं उलट: फरशीच झाडाला वळसा घालून जाते.

पूर्वेला ओवऱ्यांच्या मागून रामगढिया बुंग्याचे दोन विटकरी मनोरे वर डोकावतात. अठराव्या शतकात सरोवराभोवती अशा बुंग्यांचं कडं होतं. प्रत्येक सरदाराचा आपापला वाडा, त्यात यात्रेकरूंची राहायची सोय आणि मंदिराच्या रक्षणाची शिबंदी. मनोरे शोभेचे नव्हेत, टेहळणीचे. परिक्रमा रुंद करताना बहुतेक बुंगे गेले. भोवतालचा हा शुभ्र, एकसारखा चौक पाहताना कुणाला वाटावं की सुरुवातीपासून असाच आखला होता. नव्हता.

दर्शनी ड्योढीतून रांग पुलावर येते आणि तिथे तिचा वेग संपतो. पूल साधारण साठ मीटरचा. कठड्यावर सोनेरी दिवे, दोन्हीकडे पाणी, आणि आतलं कीर्तन ध्वनिक्षेपकांतून सगळीकडे सारखं ऐकू येतं. माझ्याशेजारी पांढऱ्या सलवार-कमीजमधल्या, हातात जपमाळ धरलेल्या आजी आहेत.

“किथों आए हो, पुत्त?”

“महाराष्ट्रातून, बीजी. महाराष्ट्र.”

“अच्छा! हजूर साहिब!” त्यांचा चेहरा उजळतो. मुंबई नाही, पुणे नाही. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे नांदेड. सचखंड एक्सप्रेसनं जाऊन आल्या आहेत, वाटेत स्टेशनांवर लोकांनी गाडीत आणून लंगर खाऊ घातला, हे त्या सांगतात आणि माझा हात थोपटतात. जणू मीच वाढलं होतं.

नांदेड आठवतं ते बरं होतं, कारण दोन्हींतला फरक इथे या पुलावरच नीट कळतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला तिथली आजची इमारतही रणजितसिंगांनीच बांधवली. बाहेरून तिची ठेवण हरमंदिरासारखी: खाली संगमरवर, वर सोनेरी घुमट. पण आत वेगळंच आहे. तिथे गुरूंच्या शस्त्रांची एक खोली आहे. तिच्यात पुजाऱ्यांशिवाय कुणी पाऊल टाकत नाही आणि ग्रंथ त्या खोलीच्या पुढे विराजमान असतो. म्हणजे आपल्या ओळखीचा गाभारा. इथे गाभाराच नाही. चार दिशांना चार दारं आणि मधे ग्रंथ. घुमट सारखा असला तरी आराखडा सारखा असेलच असं नाही.

म्हणूनच ‘हिंदू-मुस्लिम शैलींचा संगम’ हे पर्यटन पुस्तिकांतलं वाक्य मला आळशी वाटतं. कमानी मुघल, छत्र्या राजपूत, हे खरं आहे. पण चारी बाजूंनी उघडी वास्तू पाण्याच्या मधोमध, सखल जागी ठेवायची आणि तिथवर एकच वाट न्यायची, ही कल्पना कुणाकडून उसनी आणलेली नाही.

दाराशी रांग पुन्हा अडते. नाकासमोर खालच्या मजल्याची भिंत. पांढऱ्या दगडात रंगीत दगड बसवलेले: लालसर अकीक, गडद निळा लाजवर्द, मधेच शिंपल्याचा तुकडा. कुंडीतून एक वेल वर जाते. देठ केसाएवढा बारीक होत जातो आणि फुलाला मिळण्याआधी जरा वाकतो. ते वाकणंसुद्धा दगडात कापलेलं आहे. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. (फिरवू नये, पण फिरतं.) ही जरतकारी. ताजमहालातल्या कामाची ही बहीण खरी, पण तिथे फुलंच फुलं आहेत, इथल्या नक्षीत मात्र पशुपक्षी आणि माणसंही शिरली आहेत. वरचा मजला तांब्याच्या सोनेरी पत्र्यांनी मढवलेला. ते सोनं १९९० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या शीख जथ्यानं सेवा म्हणून नव्यानं चढवलं.

आत. चांदव्याखाली रुमाल्यांनी झाकलेला ग्रंथ, मागे चौरी ढाळणारा ग्रंथी, बाजूला पेटी-तबल्यावर रागी. थांबायला क्षणभरच मिळतं. या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरपुरात ते महाद्वाराच्या पायरीत आहेत, इथे त्यांचे शब्द चांदव्याखाली आहेत. मी मान वाकवते, मागून रेटा येतो आणि बाजूच्या दारातून मी बाहेर.

अरुंद जिन्यानं वर जाता येतं. वरचा मजला मधे मोकळा आहे. कठड्याशी बसलं की खालचा ग्रंथ, रागी, वाहती रांग असं सगळं एकदम दिसतं, आणि इथून कुणी उठवत नाही. एका कोपऱ्यात पाठ चालू आहे. भिंती, छत, कमानीच्या पोटाला कुठे रिकामी जागा नाही: ओल्या गिलाव्यावरची मोहराकशी, गचाचं उठावाचं काम, त्यात जडवलेल्या आरशाच्या टिकल्या म्हणजे टुकडी. ग्यान सिंग नक्काश (१८८३–१९५३) यांनी तीन दशकं या भिंतींवर काम केलं. काही वेली इतक्या झळाळतात की रंग अलीकडचा असणार. शेजारची मावळलेली वेल मला अधिक आवडते, पण भक्तांना झळाळीच हवी असते आणि अडचण तिथेच आहे. जुना गुरुद्वारा पाडून त्या जागी नवा संगमरवरी उभारणं ही सेवाच मानली जाते. २०१९ च्या मार्चमध्ये तरनतारनच्या शीख राजवटीतल्या दर्शनी ड्योढीवर अशीच घणाची सेवा सुरू झाली. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ती थांबली, तोवर वरचा भाग गेला होता. जतन ही सेवा असते, हे कारसेवेच्या शब्दकोशात अजून पुरतं शिरलेलं नाही.

पूल ओलांडून परत आलं की समोर अकाल तख्त: सहावे गुरू हरगोविंद यांनी १६०६ मध्ये स्थापलेलं ऐहिक सत्तेचं पीठ. आत्ता दिसते ती इमारत मात्र ताजी आहे. १९८४ च्या लष्करी कारवाईत जुनी उद्ध्वस्त झाली. सरकारनं घाईनं बांधून दिलेली पंथानं स्वीकारली नाही, ती उतरवली आणि कारसेवेनं पुन्हा बांधली. तेव्हा पाडण्यामागे नव्याची हौस नव्हती.

प्रसादाचा कडाह तळव्यावर घेऊन मी लंगरकडे वळते. तूप बोटांतून ओघळतं. लंगरच्या इमारतीकडे बघायला कुणी येत नाही, छायाचित्रांत ती नसते, आणि तरी आखणीची अक्कल बघायची तर इथेच बघावी. एका बाजूनं भुकेले आत, दुसऱ्या बाजूनं जेवलेले बाहेर, दोन प्रवाह एकमेकांना छेदत नाहीत. थाळी हातात पडते, मग वाटी, मग चमचा. दालनात लांबलचक सतरंज्या, ना पाट ना चौरंग. उजवीकडे ट्रकवाला, डावीकडे कुणी विलायतेहून आलेलं जोडपं, मांडी घालताना धडपडणारं. “परशादा जी!” वाढपी ओरडतो. दोन्ही तळवे पुढे करायचे, मग रोटी वरून पडते. डाळ बादलीतून येते, खीर मागोमाग. शेवटचा घास तोंडात असतानाच समोरचे उठलेले असतात, त्यांच्या जागेवर ओला पोछा फिरत येतो, आणि धुण्याच्या हौदांकडून हजारो थाळ्यांचा असा खणखणाट चाललेला असतो की शेजारचा काय म्हणतो ते ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. तो म्हणतो आहे, “उठा, पुढची पंगत उभी आहे.”