राखी बगळा : भरती-ओहोटीशी बांधलेले जीवन

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हे गाव वसले आहे. खाडीच्या मुखाशी जंजिरा किल्ला असून समोरच्या तीरावर आगरदांडा आहे. ओहोटी लागली की अशा खाड्यांच्या काठाने चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि कांदळवनाच्या कडेला राखी बगळा येऊन उभा राहतो. या घटकात आपण त्याची शरीररचना, भक्ष्य मिळवण्याची रीत व वीण यांचा परिचय करून घेऊ. मराठी भाषेने या पक्ष्याविषयी जे मत बनवले आहे, तेही तपासून पाहू.

शरीररचना

राखी बगळा सुमारे ९० ते १०० सें.मी. लांबीचा असतो. पंखांचा विस्तार दीड मीटरहून अधिक असला, तरी त्याचे वजन एक ते दोन किलोग्रॅमच भरते. पाठ राखाडी, मान पांढुरकी आणि डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी शेंडीसारखी लोंबणारी, ही त्याची ठळक लक्षणे होत. मानेतील सहावा मणका लांबट व वेगळ्या घडणीचा असल्यामुळे मान इंग्रजी 'एस' अक्षराप्रमाणे दुमडते आणि क्षणार्धात भाल्यासारखी पुढे फेकली जाते. उडतानाही बगळा मान अशीच आखडून घेतो, तर करकोचा ती सरळ ताणून उडतो. दूरवरून या दोघांत भेद करण्यास एवढी खूण पुरेशी आहे.

छातीवरील काही पिसांचा सतत भुगा होत असतो. माशांच्या बुळबुळीत स्रावाने पिसे माखली, की बगळा ही भुकटी त्यांवर चोळतो आणि मधल्या बोटाच्या कंगव्यासारख्या दातेरी नखाने ती विंचरून काढतो.

भक्ष्य मिळवण्याची रीत

तळ्याकाठचा राखी बगळा प्रामुख्याने पहाटे व सायंकाळी शिकार करतो. खाडीवर मात्र त्याला पाण्याची वेळ पाळावी लागते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळी बांधव उधाण आणि भांग यांचा हिशेब तिथीवरून ठेवतात. बगळ्याची दिनचर्याही त्याच चंद्रगतीने चालते. पाणी उतरले की उथळ डबक्यांत अडकलेले मासे, निवट्या, कोळंबी व खेकडे त्याच्या चोचीच्या टप्प्यात येतात. भरती चढली की तो झाडावर किंवा खडकावर विसावतो. मासा तो नेहमी डोक्याच्या बाजूने गिळतो, कारण उलट गिळल्यास परांचे काटे घशात रुततात.

पाण्यात प्रकाशकिरण वाकत असल्याने मासा असतो त्या जागी दिसत नाही. किनाऱ्यावरच आढळणारा त्याचा सगोत्री समुद्र बगळा हा फरक जमेस धरून चोच मारतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

वीण

एरवी एकट्याने शिकार करणारा हा पक्षी विणीच्या काळात मात्र उंच झाडांवर वसाहतीने राहतो. काटक्यांच्या घरट्यात मादी साधारणतः तीन ते पाच निळसर-हिरवी अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे २५ दिवस अंडी उबवतात. पिल्ले सात-आठ आठवड्यांत उडू लागतात.

भाषेतील बगळा

पंचतंत्रातील बगळा मासळीला फसवतो आणि अखेर खेकड्याकडून मारला जातो. 'बकध्यान' हा शब्द ढोंगाचा वाचक झाला, तो याच दृष्टीतून. पण निसर्गात या स्तब्धतेचा अर्थ वेगळा आहे. पावलागणिक पाणी हलले तर मासा निसटतो आणि शक्तीही व्यर्थ जाते. निश्चल उभे राहणे ही त्याची उपजीविकेची रीत आहे. माणसाचा दोष पक्ष्याच्या नावे कसा जमा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अधिवासाचा प्रश्न

बगळ्याला हवा असतो तो भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. खाजणात भराव घातला किंवा बांध घालून खारे पाणी अडवले, तर चिखल सुकतो आणि तिवराच्या मुळांशी वाढणारी माशांची पिल्ले नाहीशी होतात. हानी बगळ्याइतकीच मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचीही होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयाने राज्यभर कांदळवने तोडण्यास व त्यांत भराव टाकण्यास मनाई केली आहे. दिघीसारख्या बंदराच्या गावी वाहतूक व बांधकामे वाढत असताना या मनाईचे महत्त्व विशेष आहे.

समारोप

बगळ्याची मान, नख आणि स्तब्धता ही सारी उथळ पाण्यातील जीवनाशी जुळलेली आहेत. तो चिखलपट्टाच उरला नाही, तर या कौशल्याला वाव उरत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. उडणारा बगळा व करकोचा यांतील फरक सांगा.
२. खाडीवरील बगळ्याची शिकारीची वेळ रोज का बदलते?
३. 'बकध्यान' या शब्दाचा रूढ अर्थ व पक्ष्याचे प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना करा.