निवेदन दिले, फोटो काढला. फाईल कुठे आहे?

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी विहारात बसून आम्ही एक हिशोब मांडला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या मंडळांनी गेल्या काही वर्षांत शासनाला किती निवेदने दिली? मोबाईलमध्ये फोटो भरपूर सापडले. पुष्पगुच्छ, निळे उपरणे, मधे साहेब, बाजूला आम्ही. पोच असलेल्या प्रती शोधल्या तर चारच निघाल्या, आणि त्यातल्या एकीवरच आवक क्रमांक होता. बाकीची निवेदने कुणाच्या तरी स्वीय सहायकाच्या पिशवीत गेली आणि तिथेच राहिली.

यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही. आपल्याला मोर्चा काढता येतो, जयंती करता येते, रात्रभर जागून भित्तीपत्रके लावता येतात. कागदाचा पाठलाग करण्याचा मात्र आपल्याला कंटाळा आहे. एका वाडीतल्या अभ्यासिकेची गोष्ट सांगतो. तीन वर्षे आम्ही तिची मागणी करत होतो. आमदार, पालकमंत्री, सगळ्यांना भेटून झाले, सगळ्यांनी ‘बघतो’ म्हटले. शेवटी एका कार्यालयातल्या कारकुनाने चहा पिता पिता विचारले, ‘अहो, पण जागा कुणाच्या नावावर आहे?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला त्या जागेची नोंदच नव्हती. नोंद नसल्यावर अंदाजपत्रक होत नाही, अंदाजपत्रकाशिवाय प्रशासकीय मान्यता नाही. तीन वर्षांत वाडीतली दहावीची तीन पोरे-पोरींची तुकडी अभ्यासिकेविना पुढे गेली. त्यातली काही पुढे गेलीच नाहीत.

म्हणून हा लेख. शासनाकडे पाठपुरावा कसा करावा, याबद्दल आम्हाला उशिरा कळलेल्या काही गोष्टी तरुण कार्यकर्त्यांना वेळेवर कळाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे दार कोणते. आपल्याच समाजाच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. आज योजनांच्या नावात आपण ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे वाचतो, त्याचे मूळ तिथे आहे. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र 1990 पर्यंत लढावे लागले. समाज तोच, अन्याय तोच. पण निर्णय करणारी सरकारे दोन, म्हणून मधे तीस वर्षे.

आपल्या तालुक्यांतही हीच गल्लत रोज होते. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी इथल्या बौद्ध लेण्यांच्या फलकाची किंवा देखभालीची मागणी घेऊन लोक तहसीलदारांकडे जातात. ती लेणी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तहसीलदार कागद पुढे पाठवण्यापलीकडे काय करणार? घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ते जवळ पडते म्हणून आपले कार्यकर्ते तिथेही अर्ज देऊन येतात. तिथला निधी आदिवासी उपयोजनेचा असतो. आपल्या वस्तीच्या रस्त्याचा, गटाराचा, समाजमंदिराचा विषय ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून जातो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वाधार योजना, दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतली जमीन हे विषय राज्याच्या समाजकल्याण खात्याचे, म्हणजे जिल्ह्यात सहायक आयुक्तांचे. नावे सारखी वाटतात, पण एक कार्यालय जिल्हा परिषदेचे आणि दुसरे राज्य शासनाचे. योजनेचा नियमच बदलून हवा असेल तर ही दोन्ही कार्यालये काही करू शकत नाहीत. तो विषय मंत्रालयातल्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचा. समाजकल्याण आयुक्तालय मात्र पुण्यातच आहे. मंत्रालय त्यांचा अभिप्राय मागवते, त्यामुळे मुंबईची गाडी पकडण्याआधी तिथे जाऊन बोललेले बरे.

दुसऱ्या गोष्टीसाठी पश्चिमेकडच्या डोंगरात जावे लागेल. तिथल्या महादेव कोळी बांधवांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांनी जे करून दाखवले, ते आपण शेजारी राहूनही नीट पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव गावच पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव गेले. विस्थापितांच्या हाती राहिला तो वरचा उतार. ‘शाश्वत’ या संस्थेने तिथे काम सुरू केले. पडकई ही तिथली जुनी रीत: उतारावर बांध घालून भातखाचरे काढायची, आणि आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचे. संस्थेने ही रीत हाताशी धरून प्रत्यक्ष खाचरे काढून दाखवली. पुढे शासनाने पडकई हा कार्यक्रम म्हणून स्वीकारला. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा आणि जलाशयात मासेमारीचा हक्क हेही विषय याच पद्धतीने लावून धरले गेले. धरणग्रस्तांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कार बाजूला ठेवा. आम्हाला यातले घेण्यासारखे वाटते ते हे की, अधिकाऱ्यासमोर बसताना त्यांच्याकडे तयार खाचर होते. ‘काहीतरी करा’ आणि ‘आम्ही हे केले आहे, याला योजनेत बसवा’ या दोन वाक्यांत फाईलच्या दृष्टीने फार अंतर आहे.

हिरड्याचे उदाहरण वेगळे आहे, आणि अधिक कडू. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोडली. बाळहिरडा हे तिथल्या घरांचे रोख उत्पन्न. पंचनामे झाले, पैसे आले नाहीत, कारण नुकसानभरपाईचे निकष शेतपिकांचे आणि हिरडा पडला वनोपज. निकषातच नाव नाही तर तलाठी किंवा तहसीलदार कितीही चांगला असून उपयोग काय? किसान सभेने मोर्चे काढले, उपोषणे केली, आणि 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भरपाईला मान्यता दिली. रस्त्यावरची लढाई होतीच. पण चार वर्षे तो दावा जिवंत राहिला तो 2020 सालच्या पंचनाम्यांमुळे. ते झाले नसते तर कोणत्या झाडाचे, कोणाचे, किती, हे 2024 मध्ये कोण सांगणार होते? आपल्या वस्तीत पूर आला, घर पडले, अत्याचार झाला, तर आधी भाषण नको, आधी नोंद.

आता कागदाबद्दल. निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात एकच मागणी असावी. सतरा मागण्यांचे निवेदन आले की सतरा कार्यासनांचा विषय म्हणून ते कुणाचेच राहत नाही. ज्या शासन निर्णयाच्या आधारे मागतो त्याची तारीख आणि संकेतांक लिहावा; शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जुन्नरच्या लेण्यांमधले दानलेख वाचून पाहा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, असे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरले आहे. कोणी दिले, काय दिले, किती दिले. आमच्या निवेदनात ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी’ असे चार वेळा येते आणि किती खोल्या हव्यात ते कुठेच नसते.

निवेदन आवक-जावक विभागातच द्यावे, पोच घ्यावी, आवक क्रमांक वहीत लिहावा. साहेबांना भेटायचे ते नंतर. 2005 चा बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध हा राज्याचा कायदा सांगतो की सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हा कायदा तोंडावर फेकू नका, माणूस बिथरतो. दुसऱ्या स्मरणपत्रात नम्रपणे उल्लेख करा. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली’ एवढ्यावर थांबू नये. दिनांकनिहाय टिप्पणीची छायाप्रत मागावी. त्या टिप्पणीत खरी अडचण सापडते. आमच्या नमुना 8 सारखी.

वेळेचेही एक गणित आहे. मार्च महिन्यात पैसे मागायला जाणारे आपण, आणि 31 मार्चला निधी परत जातो म्हणून ओरडणारेही आपणच. जिल्हा वार्षिक योजनेतल्या अनुसूचित जाती घटकाचा आराखडा त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात बनतो. वस्ती विकासाची कामे पाच वर्षांच्या बृहत आराखड्यातून निवडली जातात; आराखड्यात वस्तीचे नाव आणि काम नसेल तर नंतर मंत्री आला तरी अवघड जाते. ते नाव घालायची जागा म्हणजे ग्रामसभा. आमच्या ओळखीतले कितीतरी कार्यकर्ते मंत्रालयात जाऊन आले आहेत, पण स्वतःच्या गावच्या ग्रामसभेच्या ठरावावर त्यांची सही नाही. हे लिहिताना आम्हालाही थोडी लाज वाटते.

विधिमंडळाचा उपयोगही आपण कमी करतो. आमदारांना ‘आमचे काम करा’ म्हणण्याऐवजी तयार मसुदा द्यावा: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरची कपात सूचना. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, तेव्हा डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीआधी कामाला लागावे. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन आश्वासन समितीकडे जाते आणि त्याचा हिशोब विभागाला द्यावा लागतो. मंडपात दिलेल्या आश्वासनाला तसा कुणी वाली नसतो. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यांत दौऱ्यावर येते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तीन महिन्यांतून एकदा तिची बैठक व्हायला हवी. तिच्यावर अशासकीय सदस्यही घेतात. ते कोण आहेत, मागची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, एवढे विचारले तरी कार्यालयात हालचाल सुरू होते.

मोठ्या निधीचा प्रश्न याहून वरचा आहे. अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळवला जाऊ नये म्हणून कर्नाटकाने 2013 मध्ये कायदा केला, आंध्रनेही त्याच वर्षी केला. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी जुनी आहे. ती केवळ मुंबईतल्या परिषदांत न मांडता तालुक्यातून आकड्यांसह गेली पाहिजे, असे आम्हाला वाटते: आमच्या तालुक्यात मंजूर किती, खर्च किती, परत किती.

आणि आपले घर. शासनाने संस्थेची फाईल उघडली की पहिल्यांदा लेखापरीक्षण आणि विश्वस्तांची यादी मागतात. आमच्या एका मंडळाच्या परिशिष्ट 1 वर पाच विश्वस्तांपैकी तिघे वारलेले निघाले. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वर्षानुवर्षे कुणी दिलाच नव्हता, कारण अध्यक्षपद कुणाला यावर भांडण होते. मृत माणसांच्या सहीने अनुदान मिळत नाही. ते भांडण मिटवायला आम्हाला मंत्रालयाच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

वाडीतल्या अभ्यासिकेच्या जागेची नोंद आता झाली आहे. ग्रामसभेचा ठराव झाला, अंदाजपत्रक पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात आहे. आवक क्रमांक वहीत लिहिलेला आहे. ती वही सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीकडे असते, आणि दर सोमवारी तीच फोन करते.