आईच्या जपमाळेतले हेतू

वसईच्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला जपमाळ म्हणतात. माझ्या लहानपणी चर्चची संध्याकाळची घंटा झाली की रेडिओ बंद व्हायचा, अल्तारावर मेणबत्ती लागायची आणि घरातली सगळी माणसे चटईवर गुडघे टेकायची. पुढे आई असायची. ती प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायची, उरलेला अर्धा आम्ही. त्याच वेळी शेजारच्या घरातून ‘शुभं करोति’ ऐकू यायचे. दोन्ही घरांतल्या मुलांचे लक्ष जेवणाकडे असायचे, एवढे साम्य मला तेव्हा कळत होते.

पुढे साहित्य शिकवू लागल्यावर लक्षात आले की लहानपणी मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली संहिता हीच आहे, आणि तिचा मी कधी अभ्यास केलेला नाही. संकटाच्या काळात एक ख्रिस्ती आई आपल्या कुटुंबासाठी प्रार्थना करते, तेव्हा ती नेमके काय म्हणते? तिच्या शब्दांचा इतिहास काय? आणि मागितलेले मिळाले नाही, तर त्या शब्दांचे काय होते? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माळेची रचना

गोव्यात या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘तेर्सु’ म्हणजे एक तृतीयांश. बायबलमधली स्तोत्रे १५०. मठातले संन्यासी ती म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते अशा सामान्य भाविकांसाठी १५० वेळा ‘नमो मरिया’ म्हणण्याची प्रथा युरोपात रूढ झाली. संसारी माणसाला एका बैठकीत तेवढेही जमेना, म्हणून रोज त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ५०. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भागाच्या आधी प्रभूची प्रार्थना, शेवटी त्रित्वाचा गौरव. सुरुवातीचे लोंबते मणी धरून माळेत एकूण ५९ मणी असतात.

मणी ओढताना मनात येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग आणायचा असतो. त्यांना रहस्ये म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी प्रत्येकी पाच. दुसरे पोप जॉन पॉल यांनी २००२ मध्ये त्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली. त्यामुळे हिशेबाने तेर्स आता एक चतुर्थांश झाली आहे, पण नाव बदललेले नाही.

‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातून आला आहे: गब्रिएल देवदूताने मरियेला केलेले वंदन आणि तिला भेटताच एलिझाबेथच्या तोंडून निघालेले उद्गार. दुसरा भाग म्हणजे चर्चची विनवणी. तिचे आजचे रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात कायम झाले. या विनवणीत फक्त दोन वेळांचा उल्लेख आहे: आत्ताची वेळ आणि मरणाची वेळ. मधल्या आयुष्याचे काहीच मागितलेले नाही. ज्या शतकांत ती घडत गेली, त्या शतकांत युरोप वारंवार येणाऱ्या प्लेगखाली होता, हे लक्षात घेतले की हे दोनच काळ का, याचा थोडा उलगडा होतो.

प्लेग आपल्याकडेही आला. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली. पहिला रुग्ण ओळखणारे डॉ. आकासियो व्हिएगस हे गोव्याचे होते. वांद्रे, गिरगाव या भागांतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत त्या काळात उभारलेले क्रूस आजही गल्लीच्या तोंडाशी दिसतात. संत रॉक आणि संत सेबॅस्टियन हे प्लेगपासून राखणारे संत. त्यांच्याही नावाने विनवण्या होत. संध्याकाळी वस्ती क्रूसापाशी जमे आणि घरातली प्रार्थना गल्लीत येई.

सगळ्याच ख्रिस्ती घरांत माळ नसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला परिचित झालेली परंपरा प्रॉटेस्टंट आहे. तिथे बायबलचा उतारा वाचून आई स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करते. ठरलेले शब्द बरे की स्वतःचे, हा वाद जुना आहे. मला एवढेच दिसले की भेदरलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा पाठ असलेले शब्द कामाला येतात.

हेतू

पण आमच्या माळेतही आईचे स्वतःचे शब्द असायचे. सुरुवात करण्याआधी ती ‘हेतू’ सांगायची, म्हणजे आजची जपमाळ कोणासाठी. त्यांच्या तीन याद्या होत्या. पहिली प्रवासात आणि परदेशी असलेल्यांची, दुसरी आजाऱ्यांची, तिसरी मृतांची. नावे बदलत, क्रम बदलत नसे. गावात कोण आखातात गेले, कोणाचे ऑपरेशन झाले, कोण वारले, हे आम्हा मुलांना या याद्यांतून कळायचे.

माझे वडील कुवेतमध्ये फिटर होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. फोन बंद, पत्र नाही. सात आठवडे वडिलांचे नाव पहिल्या यादीत सर्वांत आधी येत राहिले. आईचा आवाज एकदाही चढला किंवा पडला नाही. फक्त त्या नावानंतर ती थोडी थांबायची. पुढे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मुख्यतः जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी परत आणण्यात आले. त्यांत वडीलही आले. त्या रात्री ते जपमाळेत गुडघ्यांवरच झोपी गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या यादीत नवा हेतू होता: ‘अजून तिथेच अडकलेत त्यांच्यासाठी.’

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. प्रार्थना लागू पडते, हे मी तेव्हाच ठरवून टाकले.

एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ करोनाने दवाखान्यात दाखल झाला. मी पुण्यात, आई वसईत, बहीण नालासोपाऱ्यात. रोज सात वाजता फोनवर जपमाळ. फोनवर सगळ्यांना एका सुरात म्हणता येत नाही. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत उशिरा पोहोचतो, आमचा अर्धा भाग तिच्या अर्ध्या भागावर चढायचा. आई म्हणायची, “म्हणत राहा गं, थांबू नका.” आठव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, भाऊ गेला.

त्या संध्याकाळी जपमाळ होणार नाही असे मी धरून चालले होते. सात वाजता फोन वाजला. आईने याद्या सांगितल्या. भावाचे नाव दुसऱ्या यादीत आले नाही. ते तिसऱ्या यादीत, वडिलांच्या नावानंतर आले. मग तिने दुःखाची रहस्ये सुरू केली, कारण मंगळवारी तीच असतात.

मोनिका आणि एलिझाबेथ

त्यानंतर काही महिने मी जपमाळेला बसले नाही. वाचत मात्र होते. ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना करणाऱ्या आईचे पहिले ठळक नाव मोनिकेचे. चौथ्या शतकात, आजच्या अल्जीरियातल्या तागास्ते गावी ती राहत होती. नवरा तापट, मुलगा ऑगस्टिन हुशार आणि भरकटलेला. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत गेली. त्याने थाप मारून तिला जवळच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली आणि तो गलबतातून निघून गेला. हा प्रसंग ऑगस्टिनने स्वतः आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये लिहिला आहे. त्याचे म्हणणे असे की त्या रात्री आईने जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचे होते. रोमहून तो मिलानला गेला आणि ३८७ मध्ये तिथेच बिशप अँब्रोज यांच्याकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मोनिका ओस्तिया बंदरात वारली. मला कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे शेवटचे मागणे.

मागण्याला वरचा आणि आतला असे दोन थर असतात, हे मोनिकेच्या कथेतून समजते. पण ही कथा मला पुरली नाही. तिचा मुलगा जिवंत होता.

मग मी पुन्हा त्या पाठ असलेल्या शब्दांकडे वळले. लूकच्या पहिल्या अध्यायात एलिझाबेथ आणि मरिया भेटतात तेव्हा दोघी गरोदर आहेत. एलिझाबेथचा मुलगा योहान. हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला. मरियेचा मुलगा क्रूसावर गेला. म्हणजे माझी आई दररोज पन्नास वेळा जे शब्द म्हणत होती, ते अशा एका आईने दुसरीला म्हटलेले आहेत की जिथे दोघींचेही मुलगे मारले गेले. मुले सुखरूप राहतील अशी हमी या शब्दांत मुळातच नाही. दुःखाची रहस्ये आठवड्यातून दोनदा येतात आणि पाचव्या रहस्यात आई क्रूसाखाली उभी असते. हे सगळे मी लहानपणापासून म्हणत होते. आईला ते ऐकूही येत होते.

एकदा मी तिला विचारलेच, “आई, पप्पांसाठी मागितलंस ते मिळालं. त्याच्यासाठी मागितलंस ते मिळालं नाही. मग अर्थ काय राहिला?”

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “पप्पा आले तेव्हा सगळ्यांचे कुठे आले होते? तेव्हा तू विचारलं नाहीस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आईने जपमाळेकडे सौदा म्हणून कधी पाहिलेच नव्हते. तो हिशेब मी चौदाव्या वर्षी मांडला होता. तिच्या लेखी माळ म्हणजे माणसांची नावे रोज एकदा मोठ्याने घेणे, आणि ज्याच्यापुढे घ्यायची त्याच्यावर ती सोपवणे. मिळाले तर नाव एका यादीतून निघते, नाही मिळाले तर दुसऱ्या यादीत जाते. यादीबाहेर कोणी पडत नाही.

आता आईला नावे आठवत नाहीत. जिवंत आणि मृत यांची सरमिसळ होते. परवा तिने वडिलांना पुन्हा कुवेतला पाठवले. म्हणून रविवारी वसईला गेले की हेतू मी सांगते. माझा विश्वास किती, हे मला नक्की सांगता येणार नाही. याद्या मात्र मी वहीत उतरवून घेतल्या आहेत, तिच्याच क्रमाने.