रेनकोट लडाखला नेण्याआधी

सह्याद्रीत चार पावसाळे टिकलेला जाड रेनकोट हिवाळ्यातल्या लडाखलाही चालेल, असं मुलुंड-बोरिवलीचे बरेच ट्रेकर गृहीत धरतात. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चा. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे १५च्या आसपास असतो. म्हणजे मुंबईत त्या रेनकोटची खऱ्या थंडीशी कधी गाठच पडलेली नसते.

थंडीने कापड फाटतं, हा पहिला गैरसमज. आतलं नायलॉन किंवा पॉलिस्टर उणे ३० सहज सोसतं. तडकतो तो वरचा लेप. पीव्हीसी मुळात कडक, नळाचे पाइप त्याचेच असतात. रेनकोट आणि ताडपत्रीसाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात. तरीही एका मर्यादेखाली ते काचेसारखं ठिसूळ होतं. पडून राहिलं तर काही बिघडत नाही. पहाटे गारठलेला रेनकोट घाईने घडी घालून सॅकमध्ये कोंबला, की मात्र घडीवर बारीक पांढरी रेघ उमटते. पुढचं पाणी तिथूनच आत येतं.

जाड लेप जास्त टिकतो, हेही इथे खरं नाही. दुमडताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि लेप जितका जाड तितका हा ताण जास्त.

‘रबराचा आहे, काळजी नको’ असंही ऐकू येतं. पण कुठलं रबर? सिलिकॉन उणे ५० पर्यंत लवचिक राहतं, तर काही रबरं शून्याजवळच ताठरतात. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान कोसळलं, ते गारठलेल्या रबरी कड्यांची लवचिकता गेल्यामुळे.

सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे ‘कपाटातच होता, नवाच आहे.’ पॉलीयुरेथेनचा लेप दमट उबेत आपोआप तुटत जातो आणि आपल्या पावसाळ्यात दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो. जुन्या पीव्हीसीतलं प्लास्टिसायझरही हळूहळू निघून जातं. लेबलवरचा ‘उणे ३०’ हा आकडा नव्या कापडाचा असतो. तोच माल जुना झाला की बऱ्याच आधी तडकतो. निघण्यापूर्वी आतून अंगठा घासून पाहा. चिकट लागलं, पापुद्रे सुटले किंवा शिवणीवरची पट्टी नखाने निघाली, तर तो रेनकोट घरीच ठेवा. पीव्हीसी असेल तर खिशाच्या झाकणाचा कोपरा रात्रभर फ्रीझरमध्ये, साधारण उणे १८ला, ठेवून काढल्या काढल्या दुमडा.

तिकडे पोचल्यावर रेनकोट तंबूत ऊब लागेपर्यंत ठेवा, मग सैल गुंडाळा. कडकपणा उबेने जातो. पडलेली चीर मात्र उन्हात कितीही वाळवली तरी मिटत नाही.