खोक्यातला पहिला गेम
(लेखमाला : गेमचं अर्थकारण – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांची खरी कमाई यंत्रावर होत नाही. यंत्र कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचं आणि पुढची काही वर्षं गेममधून पैसा उभा करायचा, असा हा धंदा आहे. आजचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नवा कन्सोल आणताना खोक्यात एखादा गेम द्यावा, की नुसतं यंत्र विकावं? गिऱ्हाईक म्हणणार, एवढे पैसे मोजल्यावर गेम हवाच. कंपनी म्हणणार, ज्यावर आमचं पोट आहे तेच फुकट कसं द्यायचं? माझं मत असं, की यंत्र खेळायची नवी रीत घेऊन येत असेल, तर ती शिकवणारा गेम खोक्यातच हवा. बाकीच्या वेळी किंमत कमी ठेवावी आणि निवड गिऱ्हाइकावर सोपवावी.

सुरुवातीच्या काळात गेम सोबत देणं ही रीतच होती. १९७२ साली अमेरिकेत आलेल्या मॅग्नावॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती कन्सोलबरोबर गेमची कार्डं तर होतीच, शिवाय टीव्हीच्या काचेवर लावायचे रंगीत प्लॅस्टिकचे पडदे, फासे आणि खोट्या नोटाही होत्या. १९७७ च्या अटारी कन्सोलसोबत ‘कॉम्बॅट’ हा रणगाड्यांचा गेम यायचा. हे यंत्र करतं तरी काय, हेच लोकांना ठाऊक नसल्यामुळे ते दाखवून देणं भाग होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल असलेले जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, तेही बहुधा कॅसेटसकटच मिळायचे. मारिओ आणि काँट्रा इथल्या एका पिढीला माहीत झाले ते त्या कॅसेटमुळे.

सोबतच्या गेमची निवड किती महत्त्वाची असते, हे १९८९ साली गेम बॉयने दाखवलं. हातात मावणारं हे यंत्र अमेरिकेत आणताना मारिओ सोबत देणं निन्टेन्डोला सहज शक्य होतं. पण ‘टेट्रिस’च्या हक्कांसाठी मॉस्कोपर्यंत जाऊन आलेले हेंक रॉजर्स यांनी निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना समजावलं : लहान मुलांनीच यंत्र घ्यावं असं वाटत असेल तर मारिओ द्या, सगळ्यांनी घ्यावं असं वाटत असेल तर टेट्रिस द्या. अराकावांना ते पटलं. खोक्यात टेट्रिसबरोबर दोन यंत्रं जोडायची केबलही होती. ती लावून खेळताना तुम्ही एकदम दोन-तीन ओळी साफ केल्या, की समोरच्याच्या पडद्यावर खालून कचरा वर सरकायचा आणि त्याची तारांबळ उडायची. एकाने विकत घेतलं, की दुसऱ्यालाही यंत्र घ्यावंसं वाटे. एरवी गेमच्या वाटेला न जाणारी मोठी माणसंही गेम बॉय वापरू लागली.

दोन वर्षांनी सेगाने हाच धडा गिरवला. त्यांच्या जेनेसिस या कन्सोलसोबत ‘ऑल्टर्ड बीस्ट’ दिला जायचा. अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी १९९१ साली तो काढून नवाकोरा ‘सॉनिक’ दिला आणि किंमतही १८९ डॉलरवरून १४९ वर आणली. आपला सर्वांत चांगला गेम असा देऊन टाकणं जपानमधल्या मुख्यालयाला रुचलं नव्हतं. तरीही तो निर्णय अमलात आला आणि अमेरिकेत सेगा निन्टेन्डोच्या बरोबरीला येऊन बसली.

उलट बाजूचं उदाहरणही तितकंच बोलकं आहे. १९९५ साली अमेरिकेत सेगाचा सॅटर्न ‘व्हर्च्युआ फायटर’सह ३९९ डॉलरला आला आणि सोनीचा प्लेस्टेशन गेमशिवाय २९९ ला. बाजी मारली सोनीने. त्याला इतर कारणंही होती, पण शंभर डॉलरचा फरक लोकांच्या डोळ्यांत भरला. कन्सोल म्हणजे काय हे तोवर सर्वांना कळून चुकलं होतं आणि कुणाला शर्यत हवी होती, कुणाला मारामारी. एकच गेम सगळ्यांच्या माथी मारण्यात अर्थ उरला नव्हता.

२००६ साली निन्टेन्डोचा वी आला. बटणांऐवजी हात हलवून खेळायचं यंत्र. ‘वी स्पोर्ट्स’ सोबत द्यावा, असा अमेरिकी शाखेचे प्रमुख रेजी फिस-एमे यांचा आग्रह होता. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचा विरोध होता. कलाकारांनी मेहनतीने घडवलेली वस्तू फुकट दिली, तर तिची किंमत राहत नाही, हे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. शेवटी जपानमध्ये गेम वेगळा विकला गेला आणि अमेरिका-युरोपात खोक्यातून दिला गेला. जपानमध्येही तो भरपूर खपला, म्हणजे मुळात गेम उत्तम होता. पण सोबत मिळाल्याने काय साधलं ते त्यातल्या बोलिंगमध्ये दिसतं. रिमोटचं खालचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं, चेंडू सुटतो. आजीला हे सांगायला पुस्तिका लागत नाही, नातवाने एकदा करून दाखवलं की पुरे. वी स्पोर्ट्सच्या आठ कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या, त्यांतल्या बहुतेक यंत्रासोबतच.

सोबत गेम देण्यातले धोकेही खरे आहेत. फुकटचा गेम हाती असलेला माणूस पहिल्या महिन्यात दुसरा विकत घेईलच असं नाही; त्याची झळ छोट्या गेमनिर्मात्यांना बसते. शिवाय सोय आणि सक्ती यांत फरक आहे. प्लेस्टेशन ५ चा तुटवडा होता, तेव्हा भारतात नको असलेले गेम गळ्यात मारून कन्सोल विकण्याचे प्रकार झाले. त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

खर्चाची सबब मात्र आता लंगडी पडली आहे. कार्ट्रिजच्या, म्हणजे कॅसेटच्या, काळात प्रत्येक प्रतीमागे चिपचा खर्च होता. आज गेम यंत्रातच भरून देता येतो. सोनीने २०२० साली प्लेस्टेशन ५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ असाच दिला. त्यात अ‍ॅस्ट्रो हे पात्र वाळूवरून चालताना कंट्रोलरची थरथर वेगळी जाणवते आणि बर्फावरून घसरताना वेगळी. जाहिरातीतून ही गोष्ट कळणं अवघड होतं. याउलट जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चं निन्टेन्डोने काय केलं पाहा. अमेरिकेत तेव्हा नुसता कन्सोल साडेचारशे डॉलरला आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’सह पाचशेला होता. तोच गेम वेगळा घेतला तर ऐंशी डॉलर पडायचे. ही पद्धत मला योग्य वाटते, कारण निवड गिऱ्हाइकाच्या हाती राहते. पण यंत्राची वैशिष्ट्यं समजावून देणाऱ्या ‘वेलकम टूर’साठी वेगळे दहा डॉलर घेतले, ते मला पटत नाही. आपल्या यंत्राची ओळख करून देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. त्याचं बिल गिऱ्हाइकाला लावू नये. मियामोतोंचा आक्षेप कलाकृतीबद्दल होता. ही तर यंत्राची माहितीपुस्तिका आहे, आणि ती यंत्राच्या किमतीतच यायला हवी.

पुढच्या भागात : नव्या कन्सोलवर जुने गेम चालवणं तंत्राच्या दृष्टीने अवघड का असतं, आणि कंपन्या ते कधी मनापासून करतात?