नियम नसते तर?

बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या भाड्याच्या खोलीतून सोलापूरला आईला व्हिडिओ कॉल लावायचा, तर वेगळे पैसे? हे काल्पनिक नाही. डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी अशीच स्वतंत्र आकारणी जाहीर केली. ओरड झाल्यावर मागे घेतली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे डेटादर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळच. तरी निवडक संकेतस्थळं मोफत देणारं फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ त्याच आठवड्यात भारतात गुंडाळलं गेलं. अमेरिकेत उलटं घडलं: २०१८मध्ये अशा स्वरूपाचे नियम हटले, २०२४मध्ये ते परत आणण्याचं ठरलं, जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने तो निर्णयही रद्द केला. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांना मात्र राज्याच्या स्वतःच्या कायद्याचं संरक्षण आहे.