वाळवलेले विरजण पुन्हा कसे जागवावे?

राहू बेटातील उसाच्या पट्ट्यात बहुतेक घरी दुधाची जनावरे आहेत. तरीही गाय आटली किंवा घरची मंडळी आठ दिवस यात्रेला गेली की विरजण तुटते. मग शेजारून वाटीभर दही आणावे लागते आणि पूर्वीची चव येत नाही. यावर उपाय म्हणजे चांगले विरजण वाळवून ठेवणे. वाळवणे बऱ्याच जणींना जमते. अडते ते जागवताना.

ताजे, घट्ट व फार आंबट न झालेले दही उकळून घेतलेल्या पातळ फडक्यावर पसरावे. पाणी निथळल्यावर ते सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. उन्हात वाळवू नये. पापुद्रे सुटले की चुरून कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावे. फ्रीज असल्यास उत्तम. पीकशास्त्राच्या माणसाने दह्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण रायझोबियमचे पाकीट बांधावर उन्हात ठेवू नका, असे आम्ही सांगतो ते याच कारणाने. जिवाणू कोरडेपणा काही प्रमाणात सोसतात, कोरडेपणा व उष्णता एकत्र सोसत नाहीत.

वाळवताना बरेच जिवाणू मरतात व उरलेले सुप्त अवस्थेत जातात. अशी चिमूटभर भुकटी दोन लिटर दुधात टाकली तर त्यांची संख्या वाढण्याआधी इतर जिवाणू दुधाचा ताबा घेतात. दूध नासते आणि दोष विरजणावर येतो. म्हणून सुरुवात अर्ध्या वाटीनेच करावी.

दूध उकळून, बोटाला कोमट लागेल इतके (सुमारे ४० अंश सेल्सिअस) निववावे. चमचाभर भुकटी दोन चमचे कोमट दुधात दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावी, नंतर उरलेल्या दुधात मिसळावी. भांडे गोधडीत गुंडाळून उबदार जागी ठेवावे. पहिल्या वेळी दही लागण्यास १२ ते १८ तास लागू शकतात. ते बहुधा पातळ व कमी आंबट असते. दह्यातील गोल जिवाणू वाळवणे बरे सोसतात, लांबट जिवाणू (बल्गेरियाच्या दह्यातून स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये ओळखलेला तो हाच) तितके सोसत नाहीत. आंबटपणा मुख्यतः त्यांचाच. या दह्यातील एक चमचा घेऊन वाटीभर नव्या दुधाला लावावा व हाच क्रम पुन्हा एकदा करावा. तिसऱ्या वेळी सहा ते आठ तासांत घट्ट दही लागले तर विरजण जागे झाले. २४ तासांत दही न लागल्यास, तार सुटल्यास, घाण वास आल्यास किंवा गुलाबी, हिरवा वा काळा डाग दिसल्यास ते चाखून न पाहता टाकून द्यावे.

युरोप-अमेरिकेत पावासाठी कणीक आंबवून तिचेही विरजण वाळवून ठेवतात. तेही असेच जागवतात: कोमट पाण्यात भिजवून, थोडी कणीक घालून, रोज काही भाग काढून व ताजी कणीक देऊन, वेळेवर फुगेपर्यंत.

आता एक गोष्ट, जी माझ्याही उशिरा ध्यानात आली. आमच्या घरी भुकटीवरून लावलेले दही दोनदा लागले नाही. वाळवण्यात चूक झाली असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात गाईला कासदाह झाला होता व सडात औषधाची ट्यूब सोडली होती. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो, उकळल्याने तो पूर्ण जात नाही आणि दह्याचे जिवाणू त्याने मरतात. शंका आल्यास एकच विरजण दोन वाट्यांत लावून पाहावे: एकीत आपल्या गाईचे, दुसरीत औषध न दिलेल्या गाईचे दूध. दुसरी लागली आणि पहिली तशीच राहिली तर दोष विरजणाचा नसून दुधाचा आहे. ही परीक्षा ढोबळ असल्याने, दही लागले म्हणून दूध निर्दोष ठरत नाही. औषधाच्या वेष्टनावर दिलेला काळ संपेपर्यंत असे दूध घरी वापरू नये, आणि डेअरीच्या कॅनमध्येही ओतू नये. एका गाईच्या दुधाने सगळा कॅन बिघडतो.